विसावा माणूस ठेवायला मालक का कचरतो

२१ नोव्हेंबर २०२५ ला चार लेबर कोड (जुने कामगार कायदे एकत्र करून केलेले केंद्राचे चार नवे कायदे) लागू झाले आणि तेव्हापासून एमआयडीसीतल्या किंवा बाजारपेठेतल्या कुठल्याही छोट्या मालकाशी बोला, कायद्यात काय बदललं हे तो विचारतच नाही, त्याचा पहिला प्रश्न असतो, "आपल्याला लागू होतं का हे?" आणि त्याचा कन्सल्टंट उलट विचारतो, "माणसं किती?" बास, पुढची सगळी चर्चा त्या आकड्यावर. नऊ असतील तर एक उत्तर, दहा असतील तर दुसरं, एकोणीस आणि वीस यात तर जमीन-अस्मानाचा फरक.

टीव्हीवर मात्र चर्चा कशाची झाली, तर नव्या नियमाने बेसिक एकूण पगाराच्या पन्नास टक्के झालं की हातात पगार कमी येणार का याची. तो प्रश्न आयटीतल्या आणि मोठ्या कंपन्यांतल्या लोकांचा आहे, आणि पीएफ १५,००० च्या मर्यादेवरच कापला जात असेल तर हातातला पगार कमी होत नाही हा खुलासा केंद्राच्या कामगार मंत्रालयाने करूनही टाकला. ज्याच्याकडे पंधरा-अठरा माणसं आहेत अशा मालकाबद्दल आणि त्याच्या कामगारांबद्दल कोणी फार बोललं नाही, आणि माझ्या मते खरा घोटाळा तिथे आहे. हे माणसांच्या आकड्याचे जे उंबरठे कायद्याने घातलेत ते छोट्या धंद्याला वाचवायला म्हणून घातले, पण प्रत्यक्षात ते त्याला छोटाच ठेवतात. आणि सरकारला उपाय म्हणून काय सुचतं, तर उंबरठा उचलून थोडा पुढे ठेवायचा.

उंबरठे कुठेकुठे आहेत ते एकदा बघा. दहा माणसं झाली की ईएसआय (कामगारांचा सरकारी आजारपण-अपघात विमा), ग्रॅच्युइटी, बाळंतपणाची पगारी रजा, शिवाय लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी अंतर्गत समिती. वीस झाली की पीएफ आणि बोनस. पन्नासला पाळणाघर. मग एकदम तीनशे, तिथे स्टँडिंग ऑर्डर्स (नोकरीच्या अटींची लेखी नियमावली) आणि कामगार कपात किंवा कारखाना बंद करायला सरकारची परवानगी. कारखाना कशाला म्हणायचं याचाही आकडा नव्या कोडमध्ये बदललाय, पॉवर वापरत असाल तर वीस, नसाल तर चाळीस. म्हणजे धंदा वाढवायचा म्हटलं की मालकाला ऑर्डर किती आल्यात हे बघून चालत नाही, पुढचा उंबरठा किती माणसांवर आहे हे आधी बघावं लागतं.

आता मालक मूर्ख नाहीये, आणि तो सगळ्यात लबाड पण नाहीये (लबाड आहेत, पण ते सगळीकडेच असतात). त्याचा हिशोब करून बघा. समजा एकोणीस माणसं आहेत, प्रत्येकाचा पगार १५,०००, पीएफ लागू नाही. काम वाढलंय, विसावा माणूस पाहिजे. तो विसावा आला की पीएफ फक्त त्याला लागू होत नाही, सगळ्या विसांना होतो. मालकाचा वाटा १२ टक्के, वर ईडीएलआय (पीएफसोबतचा आयुर्विमा) आणि ॲडमिन चार्जेस मिळून अजून एक टक्का, म्हणजे माणशी १,९५० रुपये. वीस माणसांचे झाले महिन्याला ३९,०००. यातले १,९५० नव्या माणसाचे, बाकीचे ३७,०५० हे जुन्या एकोणीस जणांचे जे कालपर्यंत द्यावे लागत नव्हते. म्हणजे १५,००० पगाराचा माणूस मालकाला पडला ५४,००० ला. आणि यात कामगारांच्या पगारातून कापायचे १२ टक्के धरलेच नाहीत, जे कापल्यावर निम्मे कामगार येऊन भांडतात की आम्हाला हातात पूर्ण पाहिजे, आणि मग बऱ्याच ठिकाणी तेही मालकच भरतो. अशा वेळी विसावा माणूस न ठेवणं हा कुठल्याही दुकानदाराचा सरळ व्यवहार आहे, त्याला नैतिकतेचं भाषण देऊन काही होणार नाही.

मग काय होतं, तर एकाच शेडवर तीन पाट्या लागतात. एक स्वतःच्या नावाने, एक बायकोच्या, एक भावाच्या, प्रत्येकात बारा-पंधरा माणसं, मशीन तीच, सुपरवायझर तोच, चहा एकाच ठिकाणाहून येतो. काही जण माणसांना मस्टरवरच घेत नाहीत, "ट्रेनी" म्हणतात, आठ-आठ वर्षं ट्रेनी. काही जण ठेकेदार मध्ये घालतात आणि समजतात आकडा कमी झाला, पण पीएफच्या हिशोबात ठेकेदाराची माणसं पण मोजली जातात आणि ठेकेदाराने भरलं नाही तर मूळ मालकाकडेच वसुली येते, हे त्यांना नोटीस आल्यावर कळतं.

आणि नोटीस येते. पीएफवाले एकाच मालकाचे वेगवेगळे युनिट एक धरतात, त्याला आपल्याकडे सगळे क्लबिंग म्हणतात, त्यासाठी बघतात की कारभार कोण चालवतो, पैसा कुठून कुठे जातो, एक युनिट दुसऱ्याशिवाय चालू शकतं का. २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टात असंच एक प्रकरण होतं, कलबुर्गीच्या, म्हणजे आपल्या जुन्या माणसांच्या गुलबर्ग्याच्या, दोन कला शिक्षण संस्था, सोसायटी एकच, प्रत्येकीत वीसपेक्षा कमी माणसं. कोर्टाने दोन्ही एकच धरल्या आणि पीएफ लावला. त्याच वर्षी जानेवारीत वारंगळच्या एका थिएटरचं ईएसआयचं प्रकरण निकाली निघालं, त्यात कोर्टाने सांगितलं की एकदा ईएसआय लागू झाला की नंतर माणसं कमी झाली तरी तो सुटत नाही, १९८९ च्या दुरुस्तीपासून तसंच आहे. ग्रॅच्युइटीचंही तेच. म्हणजे उंबरठा आत जाताना लागतो, बाहेर यायला दारच नाही. मालकाला हे माहीत झालं की तो अजूनच घाबरतो, एकदा वीस झाले की कायमचे वीस, मग मंदीत दहा माणसं राहिली तरी तेच, त्यापेक्षा अठरावर थांबलेलं बरं.

पण थांबल्याने तो वाचतो का? इथे मला छोट्या मालकांना जरा स्पष्ट सांगायचंय, कारण हे त्यांना कोणी सांगत नाही. ईएसआय टाळायला जो मालक नऊवर थांबलाय त्याचं उदाहरण घ्या. ईएसआयचा मालकाचा वाटा ३.२५ टक्के, १५,००० पगारावर महिन्याला ४८७ रुपये ५० पैसे, वर्षाचे ५,८५०. आता प्रेस मशीनवर अपघातात तीस वर्षांचा पोरगा दगावला समजा. ईएसआय नाही म्हणजे भरपाई मालकाच्या खिशातून. १९२३ चा नुकसानभरपाईचा कायदा आता सोशल सिक्युरिटी कोडमध्ये गेलाय पण हिशोबाची पद्धत तीच आहे, मृत्यू झाला तर पगाराचा निम्मा भाग गुणिले वयाप्रमाणे ठरलेला फॅक्टर, तीस वर्षाला तो २०७.९८ आहे. निम्मा पगार ७,५००. झाले १५ लाख ५९ हजार ८५०. जे नऊ माणसांचे मिळून वर्षाला बावन्न-त्रेपन्न हजार वाचवत होता त्याची जवळजवळ तीस वर्षांची बचत एका दुपारी गेली, आणि पोलीस केस वेगळी. ईएसआय असता तर कुटुंबाला पेन्शन ईएसआयने दिली असती आणि या भरपाईचा दावा मालकावर आला नसता. म्हणजे ज्याला मालक खर्च समजतो तो खरं तर त्याचाच विमा आहे, आणि तो स्वस्त आहे. कोडमध्ये अशी सोय पण आहे की माणसं दहापेक्षा कमी असली तरी मालक आणि बहुसंख्य कामगार राजी असतील तर स्वतःहून आत येता येतं. किती जण येतात? मी तरी फार बघितले नाहीत, कारण "लागू नाही ना, मग कशाला" ही सवय हाडात मुरलीय.

लैंगिक छळाच्या कायद्याबद्दलही हाच गैरसमज. दहापेक्षा कमी माणसं म्हणजे आपल्याला काही नाही असं समजून बसतात. अंतर्गत समिती नेमायची जबाबदारी नाही हे खरं, पण बाईला तक्रार करायला जिल्ह्याची स्थानिक समिती आहे आणि ती तुमच्या दुकानापर्यंत येऊ शकते. दहा किंवा जास्त असून समिती नाही तर ५०,००० पर्यंत दंड. आणि दहा मोजताना ट्रेनी, अप्रेंटिस, ठेक्यावरचे सगळे धरायचे, मस्टरवर कोण आहे याला अर्थ नाही. गोवा विद्यापीठातल्या एका प्रकरणात मे २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने या कायद्याच्या अंमलबजावणीची अवस्था काय आहे यावर चांगलेच कान उपटले, डिसेंबर २०२४ मध्ये परत जिल्हावार आदेश दिले. तरी आपल्या तालुक्याच्या गावातल्या मोठ्या कापड दुकानात जाऊन विचारा, समिती कुठे आहे. तुमच्याकडेच बघत बसतील.

आता महाराष्ट्र सरकारकडे येऊ, कारण गुमास्ता, म्हणजे दुकानं-आस्थापनांचा कायदा, हा आपल्या राज्याचा आहे. १९४८ चा जुना मुंबई दुकाने कायदा सगळ्यांना लागू होता, एकटा माणूस गल्ल्यावर बसला तरी गुमास्ता लायसन काढायचा. २०१७ च्या कायद्याने तो दहा किंवा जास्त माणसांवर आणला, दहाच्या खाली फक्त ऑनलाइन माहिती द्यायची. मग सप्टेंबर २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने दहाचे वीस करायचं ठरवलं, सोबत रोजचे तास नऊवरून दहा आणि तिमाहीचा ओव्हरटाइम १२५ तासांवरून १४४, आणि वटहुकूम काढला. पेपरात हेडलाइन सगळ्या तासांच्या आल्या. नऊचे दहा, कारखान्यात नऊचे बारा. युनियनवाले पण त्यावरच बोलले. दहाचे वीस झाले ही ओळ बातमीत सगळ्यात शेवटी होती.

पण विचार करा ती ओळ कोणाला लागते. चौदा माणसांचं साड्यांचं दुकान, सोळा जणांचं हॉटेल, बारा जणांचं डायग्नोस्टिक सेंटर. तिथल्या माणसाला २०१७ च्या कायद्याने वर्षाला आठ किरकोळ रजा होत्या, आठ सणांच्या पगारी सुट्ट्या होत्या, वीस दिवस कामाला एक अर्जित रजा होती, डबल ओव्हरटाइम होता. मिळत होतं का सगळं? बहुतेक ठिकाणी नाही. पण मागायला कागद होता, कामगार अधिकाऱ्याकडे जायला आधार होता, तो काढून घेतला. आणि गंमत म्हणजे मालकाची पण सुटका झाली नाही, कारण केंद्राच्या कामाच्या सुरक्षिततेच्या कोडमध्ये आस्थापना म्हणजे दहा माणसं, तिथे धंदा-व्यापार सगळं येतं, दिवसाला आठ तास, वीस दिवसांना एक रजा आणि ती पण आता २४० ऐवजी १८० दिवस काम केलं की, शिवाय प्रत्येकाला नेमणूकपत्र. म्हणजे चौदा माणसांचा दुकानदार मुंबईचा कायदा बघून म्हणतो मी सुटलो आणि दिल्लीचा कायदा म्हणतो तू आहेस आत. कोणी तक्रार केली की मग वकील लावून भांडत बसा. धंदा सोपा करायचा म्हणून केलेल्या बदलाने धंदा असा सोपा होतो.

आणि चारांपैकी वेतनाचा, म्हणजे वेजेस कोड तर आकडाच बघत नाही हे अजून कित्येकांच्या डोक्यात शिरलेलं नाही. किमान वेतन आधी ठरावीक उद्योगांच्या यादीला होतं, आता सगळ्यांना, दोन माणसं असली तरी. पगारपत्रक द्यायचं, पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत, आणि माणूस सोडून गेला किंवा काढला तर त्याचा पगाराचा हिशोब दोन कामाच्या दिवसांत. दोन दिवस! आपल्याकडे फुल अँड फायनल म्हणजे "पुढच्या महिन्यात ये, साहेब नाहीयेत" असं तीन-चार महिने चालतं. हा बदल मला सगळ्यात आवडला, कारण तो माणसं किती असं विचारत नाही.

आता यावर एक जुनं उत्तर आहे आणि ते हुशार लोकांचं आहे. केंद्राच्या २०१८-१९ च्या आर्थिक पाहणीत म्हटलं होतं की आपल्याकडे बुटक्या कंपन्या फार, म्हणजे दहा वर्षांहून जुन्या तरी शंभर माणसांच्या खालीच राहिलेल्या, संघटित उत्पादन क्षेत्रात संख्येने जवळपास निम्म्या, पण रोजगारात वाटा १४ टक्क्यांच्या आसपास. निदान बरोबर होतं, कायदे आकड्यावर बांधलेत म्हणून कंपन्या वाढत नाहीत. पण त्यावर औषध काय, तर कपात आणि बंदीच्या परवानगीचा आकडा शंभरचा तीनशे करा, राजस्थानने २०१४ मध्ये केलं तसं. तेच आता कोडमध्ये देशभर झालं. महाराष्ट्रात तर स्टँडिंग ऑर्डर्स पन्नास माणसांवर लागू होत्या, ते पण तीनशेवर गेलं. पण भिंत शंभरावरून तीनशेवर नेली तर जे नव्व्याण्णववर थांबत होते ते दोनशे नव्व्याण्णववर थांबतील, भिंत आहेच. आणि मधल्या दोनशे माणसांचं संरक्षण गेलं ते गेलंच. म्हणजे आजार ओळखला बरोबर आणि गोळी दिली भलतीच.

माझा मुद्दा असा की भिंत हलवू नका, तिथे चढ करा. आणि हे काही नवीन नाही, आपल्याच देशात टॅक्सवाल्यांना हे कधीच कळलंय. नव्या रिजीममध्ये बारा लाखांपर्यंत टॅक्स नाही. मग बारा लाख एक रुपया कमावला तर ६०,००० टॅक्स भरायचा का? नाही, मार्जिनल रिलीफ आहे, जेवढं उत्पन्न बारा लाखांच्या वर गेलं त्याहून जास्त टॅक्स घेत नाहीत. एका रुपयासाठी साठ हजार घेतले तर माणूस तो रुपया दाखवणारच नाही हे अर्थ खात्याला कळतं. जीएसटीतही छोट्याला कंपोझिशन स्कीम आहे, दीड कोटीपर्यंत, कमी दर, कमी कागद. मग विसाव्या माणसासाठी ३७,०५० रुपये घेतले तर मालक तो माणूस दाखवणार नाही हे कामगार खात्याला का कळत नाही? टॅक्स भरणाऱ्याला मार्जिनल रिलीफ आणि नोकरी देणाऱ्याला नाही, हे कसलं धोरण.

करता काय येईल? पीएफ पहिल्या माणसापासून लावा, पण मालकाचा वाटा पायऱ्यांनी वाढवा. दहापर्यंत दोन-तीन टक्के, वीसपर्यंत सहा, मग पुढे हळूहळू बारा, म्हणजे कुठलाही एक माणूस ठेवल्याने सगळ्यांचं बिल एकदम येणार नाही. मधली तूट सरकारने भरावी. सरकारकडे पैसा नाही असं म्हणायची सोय नाही, कारण प्रधानमंत्री विकसित भारत रोजगार योजनेला ९९,४४६ कोटी ठेवलेत, १ ऑगस्ट २०२५ ते ३१ जुलै २०२७ मध्ये नवी माणसं घेतली तर मालकाला माणशी महिन्याला तीन हजारांपर्यंत मिळतात. चांगली योजना आहे, पण ती कोणाला, तर जो पीएफमध्ये नोंदलेला आहे त्याला, आणि पन्नासपेक्षा कमी माणसं असतील तर निदान दोन नवी घेतली पाहिजेत. आता आपला एकोणीसवाला बघा. त्याने दोन माणसं घेतली, १५,००० पगारावर माणशी २,०००, म्हणजे सरकार देणार चार हजार आणि त्या बदल्यात जुन्या एकोणीस जणांचे ३७,०५० अंगावर. कोण येईल? जे आधीच पीएफ भरत होते आणि एवीतेवी माणसं घेणारच होते तेच ही योजना उचलणार, ज्याला उंबरठा ओलांडायला हात द्यायला पाहिजे तो बाहेरच.

एक गोष्ट मालकांच्या बाजूने मान्य केली पाहिजे. त्यांना भीती फक्त पैशाची नसते. मी ज्यांच्याशी बोलतो त्यातले कित्येक म्हणतात की बारा टक्के देऊ हो, पण एकदा नंबर घेतला की माणूस दारात येणार, रजिस्टर दाखवा म्हणणार, आणि मग पाकीट. नव्या कोडमध्ये इन्स्पेक्टरचं नाव इन्स्पेक्टर-कम-फॅसिलिटेटर केलंय आणि तपासणी कॉम्प्युटरने ठरवायची असं लिहिलंय. नाव बदलून माणूस बदलत नाही, पण कॉम्प्युटरवर तपासणी ठरली आणि बरेचसे फॉर्म ऑनलाइन एकत्र झाले तर थोडा फरक पडेल असं मला वाटतं. आकड्याचा उंबरठा हा खरं तर मालकाने इन्स्पेक्टरपासून वाचायला धरलेला आडोसा आहे, ती भीती आहे तोपर्यंत तो आडोसा सोडणार नाही. पण म्हणून सगळ्या कामगारांना त्या आडोशाच्या बाहेर उन्हात ठेवायचं?

युनियनवाल्या मित्रांना माझं म्हणणं पटत नाही, ते म्हणतात पायऱ्या केल्या की मोठे पण खालच्या पायरीवर यायला बघतील, तीन पाट्यांच्या तेरा होतील. शक्य आहे. पण आता एका पाटीने जुन्या एकोणीस जणांचा पूर्ण बारा टक्के वाटा वाचतो, चढ असला तर दोन-चार टक्केच वाचतील, तेवढ्यासाठी वेगळं बँक खातं, वेगळा जीएसटी नंबर, वेगळं ऑडिट कोण करेल. आणि पहिल्या माणसापासून नोंद असली की आठ वर्षांच्या ट्रेनीला दाखवायला निदान पीएफ खात्याचा एक यूएएन नंबर तरी असेल.

केंद्र हे करेल तेव्हा करेल. गुमास्ता मात्र मुंबईच्या हातात आहे. वटहुकूम काढून दहाचे वीस करता येतात तर दहा ते एकोणीस माणसांच्या दुकानांसाठी एक पानी वेगळा भाग पण घालता येतो. आठवड्याची सुट्टी, सणांच्या आठ पगारी सुट्ट्या, डबल ओव्हरटाइम आणि नेमणूकपत्र एवढंच त्यात ठेवा, रजिस्टर मोबाइलवर, बाकी रिटर्न-बिटर्न काही नको. आणि केंद्राच्या कोडशी रजेचे दिवस आणि तास जुळवून घ्या, म्हणजे चौदा माणसांच्या दुकानदाराला दोन कायदे घेऊन दोन वकिलांकडे जायला लागणार नाही.